जास्तीचे नऊ मिलिमीटर

उद्यमनगरात चौतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची पोटं, गिअरचे दात, चरकाचे रोलर,
सगळं आधी सागवानात.
दस्तगीर ते वाळूत दाबायचा, अलगद उपसायचा
आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचा.
लाकूड परत माझ्या फळीवर,
वाळू झटकून.

ही नाव मात्र स्वतः पाण्यात जाणार.
असं माझं पहिलंच लाकूड.
फासळ्या सागाच्या, वर शिवणीच्या पट्ट्या,
उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवलेल्या.
जुळून झाल्यावर मोजली
तर नऊशेच्या जागी नऊशे नऊ.
सवयीनं हात गेला होता आकसाच्या पट्टीकडे,
जिच्यावर मिलिमीटर जरासे मोठे असतात
कारण लोखंड गार होताना आकसतं.
लाकडाला त्याचं काय!

लक्ष्मीपुरीत दुकानदारानं दोन जोड्या मांडल्या,
एक पाच मिनिटांत धरणारी, एक रात्रभर घेणारी.
"पाचवालं घे की लेका,
सत्तरीला टेकलास, रात्रभर कुठं जागतोस?"
मी सावकाशीचं घेतलं.
घाईचं लाकडाच्या तोंडावरच बसतं,
आत शिरायला त्याला सवड नसते,
आणि पाणी नेमकं तेवढ्याचीच वाट बघतं.

राळ शंभर, हार्डनर तीस.
गुजरीतल्या मेहुण्याचा सोन्याचा काटा मागून आणला.
दस्तगीर हसला.
वाळूत पाणी किती ते तो मूठ दाबून सांगायचा,
कधी चुकला नाही.
इथं मूठ चालत नाही, म्हटलं.
दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले
तर जन्मभर चिकटच राहील,
लग्नात मान न मिळालेल्या आत्यासारखं.

पहिला पेला वाया गेला.
ढवळून ठेवला, चहा आला, दस्तगीरच्या नातीचं ॲडमिशन निघालं,
आणि पेला वाकला. धूर.
दस्तगीरनं लांबूनच तळहात धरला.
"हे उलटंच की रं.
आपलं लोखंड गार होत घट्ट व्हायचं.
हे घट्ट होताना तापतंय."
मग बराच वेळ बोलला नाही.
त्याच्या डाव्या मनगटावर एकोणनव्वद सालचा डाग आहे,
त्यावर त्यानं बाही ओढली.

दुसऱ्यांदा पसरट ताटलीत ओतलं. शांत राहिलं.
दिव्याखाली लाकूड आधी कोमट केलं,
मग दिवा विझवला,
म्हणजे गार होता होता ते आपणच आत ओढून घेतं.
ब्रशचे केस निम्मे कापलेले, हात पातळ.
शिवण प्यायली. टोकांकडे जास्तच प्यायली.
चहात बुडवलेल्या खारीचा रंग आला.
आतल्या सांध्यांत पॉलिशपेपरची पूड कालवून
आइस्क्रीमच्या काडीनं गोलाई भरली.
सकाळी वर मेणचट थर,
तो पाण्यानं धुतला, पुसला, घासला, दुसरा हात.
त्या दुसऱ्या हातात एक डास बसला
आणि बसूनच राहिला, नाळेजवळ, पाय पसरून.
मी चिमटा शोधत होतो.
"राहू दे," दस्तगीर म्हणाला,
"चालवायला कुणीतरी लागंलच की."

डब्यावर लिहिलंय, सात दिवस पाण्यात घालू नका.
आज पाचवा.
दस्तगीर रोज येतो, नखानं टिचकी मारतो,
कान लावून ऐकतो.
कास्टिंग तडकलंय का ते तो असंच बघायचा.

रंकाळ्यावर न्यायला त्यानं पेटी केली आहे,
साध्या टेपनं मोजून, आतून नऊशे पाच.
नाव तिच्यात मावत नाही.
मी पेटी वाढवू म्हटलं, तो नको म्हणतो.
मंगळवारी तो स्कूटर चालवणार,
मी मागं,
नाव मांडीवर.